वजा केलेला माणूस

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. एखादी गोष्ट लिहिली की ती खरी झाल्यासारखी वाटते, आणि आमच्या कामात खरं म्हणायच्या आधी शंभरदा तपासायचं असतं. पण आज संध्याकाळपर्यंत मला एक फाईल मॅडमना द्यायची आहे, आणि ती कशी द्यायची ते माझं ठरलंय. का ठरलं, हे कुठेतरी लिहिलेलं असावं. म्हणून टायपतोय, सुचेल तसं. शुद्धलेखन बघू नका.

मी कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस. प्रोग्रॅम लिहायला घरी बसून शिकलो, व्हिडिओ बघून. आईला वाटायचं मी गेम खेळतोय. या प्रयोगशाळेत चिकटलो तेव्हा तिने शेजारणीला अभिमानाने सांगितलं की आमचा मुलगा परग्रहावरचे जीव शोधतो. शेजारीण म्हणाली, आधी त्याला एखादी मुलगी शोधायला सांगा.

जीव शोधतो हे खरं, पण आम्ही कुणी हिरवी माणसं शोधत नाही. आम्ही वास शोधतो. फार लांब एका ग्रहाभोवती फिरणारा एक चंद्र आहे, पूर्ण बर्फाने झाकलेला. तिथे आमचं एक यंत्र उतरलंय. ते बर्फ खरवडतं, तापवतं, निघालेली वाफ हुंगतं आणि त्यात कुठली रसायनं किती आहेत त्याचा आलेख पाठवतं. इतक्या लांबून कुठलाही निरोप इथे पोचायला बराच वेळ लागतो. आम्ही त्याला नाक म्हणतो. त्याचं जुळं भावंड आमच्याकडे क्लीन रूममध्ये आहे, म्हणजे हवासुद्धा गाळून आत सोडतात त्या खोलीत. तिकडच्या नाकाबद्दल शंका आली की इकडच्यावर करून बघायचं.

मॅडम म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं होतं की मेलेली रसायनं शिस्तीत राहतात, जिवंत गोष्ट पसारा करते. ज्या घरात पोर आहे ते दारातूनच कळतं ना, तसं. आपण पसारा शोधायचा.

यातली गोम अशी की सगळ्यात मोठा पसारा आपणच असतो. माणूस नुसता उभा राहिला तरी शेकडो वासांचा ढग सोडतो. श्वास, घाम, साबण, काल खाल्लेलं. ज्यांनी नाक जुळवलं त्यांचा काही ना काही अंश त्याच्या नळ्यांत राहणारच, कितीही भाजा, कितीही धुवा. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. क्लीन रूममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाचा ठसा घ्यायचा. बोटाचा नाही, वासाचा. जुळ्या नाकाच्या नळीत फुंकायचं, तळहात कापसाने पुसून तो कापूस आत ठेवायचा, की त्या माणसाचा आलेख तयार. दोन माणसांचे आलेख कधी सारखे येत नाहीत. मग तिकडून डेटा आला की माझा प्रोग्रॅम त्यातून आमचे सगळ्यांचे ठसे वजा करतो आणि उरलेलं मॅडमना दाखवतो. वजा झालेलं एका कोपऱ्यात जाऊन पडतं. ते कुणी बघत नाही. आपलाच कचरा, काय बघायचा.

यंत्र जुळवणाऱ्यांत मुख्य हात पान्याचा. खिशात कायम एक पाना असतो म्हणून पान्या. खरं नाव पगाराच्या दिवशीच आठवतं. नाकाचं शेवटचं झाकण त्यानेच आवळलं. मी नवीन असताना क्लीन रूममध्ये मास्क खाली करून शिंकलो होतो. तिथे हा गुन्हा आहे. सगळे वळले, आणि हा बाबा शांतपणे म्हणाला, सॉरी, मी. त्या दिवसापासून आम्ही मित्र. पुढे एकदा मी त्याला याबद्दल विचारलं तर म्हणाला, अरे माझी नोकरी पक्की होती, तुझी नव्हती, एवढंच.

यान निघालं तेव्हा पान्या सिगरेटी ओढायचा, पाठोपाठ. त्याच्या ठशात तंबाखूचं एक उंच टोक होतं, त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो की परग्रहावरचे जीव तुझ्यामुळे खोकत मरणार. यान पोचायला वर्षं लागली. तेवढ्यात याचं लग्न झालं, वहिनींना दिवस गेले तशी त्याने सिगरेट सोडली आणि पुदिन्याच्या गोळ्या चघळायला लागला. सतत. बोलायला आला की आधी पुदिना यायचा, मग पान्या. मुलगी झाली. तिला सगळे चिमणी म्हणतात.

नाक चंद्रावर उतरलं त्याच्या आसपास चिमणी जन्मली.

सुरुवात मॅडमच्या एका प्रश्नाने झाली. त्यांनी मला बोलावून पडद्यावर एक बारीकसं टोक दाखवलं आणि विचारलं, हे काय रे, बर्फात पुदिना कुठून आला. मीही हसलो. प्रोग्रॅममध्ये चूक असणार असं धरून बसलो आणि शोधायला लागलो. चूक नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मी वजा झालेला कोपरा उघडला.

तिथे आमचे सगळ्यांचे अंश असायला हवेत, आणि दिवसेंदिवस विरत जायला हवेत. तसे ते विरलेलेच होते. मॅडम नाहीत, मी नाही, झाडणारे मामा नाहीत. प्रवासातच सगळे संपलेले. फक्त पान्या होता. आणि तो विरत नव्हता. उतरल्यापासून दर वेळी थोडा जास्त. माझा प्रोग्रॅम त्याला ओळखून इमानदारीने काढून टाकत होता, आणि काढून टाकलेलं वाढत वाढत इतकं झालं होतं की पुदिना बाहेर सांडला.

मी ठरवलं की हे जुनंच आहे, एखाद्या नळीच्या सांध्यात अडकलेलं, गरम झाल्यावर निघतंय. असं होतं. पण जुन्या पान्याला तंबाखूचा वास होता. चंद्रावरच्या पान्याला नव्हता. त्याने सिगरेट सोडलेली होती.

हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण दुसरं कसं लिहू ते कळत नाही.

मॅडमना दाखवलं. त्या चष्मा काढून म्हणाल्या की जुन्या ठशाने नीट वजा होत नाहीये, एवढंच याचा अर्थ. त्याचा आजचा ठसा घे आणि स्वच्छ वजा कर. मी म्हटलं, पण पुदिना तिथे पोचला कसा. त्या म्हणाल्या, ते आपण शोधू, पण आधी माणूस काढ. माणूस काढल्यावर जे उरतं तेवढंच आपलं.

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

दुपारी पान्याला क्लीन रूममध्ये बोलावलं. तो पांढरा झगा चढवून आला, तोंडात गोळी होतीच. त्याला मी फक्त ठसा जुना झालाय म्हणून सांगितलं. त्याने नळीत फुंकलं. पडद्यावर रेघ आली, सरळ. एकही टोक नाही. नुसती कोरडी हवा हुंगल्यावर येते तशी.

मी म्हटलं, जोरात फुंक. त्याने फुंकलं, गाल फुगवून. सरळ रेघ. तळहात पुसून कापूस आत ठेवला. सरळ. यंत्र बिघडलंय म्हणत मी स्वतः फुंकलं. मी होतो. दुपारच्या चहासकट, सगळाच्या सगळा. पुन्हा त्याला फुंकायला लावलं. त्याचा श्वास माझ्या मनगटावर येत होता, पण तो गरमही नव्हता, गारही नव्हता, आणि मी नाक जवळ नेलं तर पुदिनासुद्धा नव्हता. गोळी त्याच्या दातांवर वाजत होती, ती मला ऐकू येत होती.

पान्या हसला. म्हणाला, तरीच.

मग बाहेर जिन्यात बसून त्याने सांगितलं. डास चावेनासे झालेत, हे त्याला आधी नशीबच वाटलं होतं. मग वहिनी म्हणायला लागल्या की तुमचे शर्ट धुवायचे तरी कशाला, घातले की नाही तेच कळत नाही. दोघं यावर हसायचे. पण चिमणी त्याच्याकडे राहत नव्हती. घेतली की अंग ताठ करून रडायची, अनोळखी माणसाने उचलल्यावर रडतात तशी. आधी राहायची. छातीवर झोपायची. आता तो खांद्यावर वहिनींची वापरलेली ओढणी टाकतो आणि मग तिला घेतो, तेव्हा कुठे ती राहते.

“ओढणीकडे राहते ती,” तो म्हणाला. “मी नुसती वाळत घालायची दांडी.”

मग मी त्याला चंद्रावरचं सांगितलं. मला वाटलं तो चेष्टा करेल. त्याने एवढंच विचारलं, “तिकडे बरा आहे का मी?”



त्याचा ताजा ठसा त्याच्याकडून मिळत नव्हता. म्हणून मी तो तिकडच्या डेटातूनच काढला. चंद्रावरच्या बर्फातून एका माणसाचा ठसा तयार केला आणि तोच वापरून त्याला वजा केलं. स्वच्छ गेला. पुदिनाही गेला. उरलं ते बर्फ, मीठ आणि काही नाही. मॅडम म्हणाल्या, शाब्बास.

दुसऱ्या दिवशी पान्या कामावर उशिरा आला, आणि आल्यावर बराच वेळ माझ्या टेबलापाशी उभा होता म्हणे. मला कळलं नाही. म्हणजे मी पडद्यात बघत होतो, पण तरीही. तो बोलला तेव्हा दचकलो. त्याने सांगितलं की काल संध्याकाळी तो त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, समोरच. वहिनी आल्या, खिडकी लावली, दिवा घालवला आणि बाहेरून कडी लावून चिमणीला घेऊन बहिणीकडे गेल्या. भांडण नव्हतं, काही नव्हतं. त्याने हाक मारली तर जिन्यात वहिनींची पावलं थांबली आणि मग पुढे गेली. परत आल्यावर त्याला आत बघून इतक्या घाबरल्या की रडायलाच लागल्या.

“काल काही केलंस का?” त्याने विचारलं. रागाने नाही.

मी म्हटलं, वजा केलं.

पुढचा डेटा आला तेव्हा मी वजाबाकी बंद ठेवली. मॅडमना सांगितलं की प्रोग्रॅम दुरुस्त करतोय. एका गोष्टीवरून दुसरी होते असं मी म्हणत नाही. असं म्हणायला पुरावा लागतो, आणि माझ्याकडे तो नाही. पण त्या दिवशी पान्या शिट्टी वाजवत आला. वहिनींनी बुटांवरून शिव्या घातल्या होत्या, घरभर वास येतोय म्हणून. त्याने ते मला तीन वेळा सांगितलं. बुटांचा वास येतोय, लेका. लोक पदोन्नतीची बातमी सांगतात तशा आवाजात.

मी त्याला जुळ्या नाकात फुंकायला मात्र नाही लावलं. लावायला हवं होतं. मला बघायचं नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं, असं म्हणायला हरकत नाही. अडचण वेगळीच होती. अहवालाची तारीख जवळ आली होती. पान्याला वजा केलं नाही तर तो आलेख जगातल्या कुणाही जाणकाराला एकच गोष्ट सांगणार होता, की त्या बर्फात काहीतरी जिवंत आहे. श्वास घेतंय. रोज. मॅडमची आयुष्यभराची मेहनत आहे यात. खोटी बातमी गेली तर त्यांचं नाव संपलं, आणि माझं तर सुरूच झालेलं नाही. आणि वजा केलं तर. बरं, ते वर लिहिलंय.

काल सुट्टी होती. पान्याने घरी बोलावलं, सकाळीच ये म्हणाला. तिसरा मजला, जिन्यात कुणीतरी ताजा रंग दिलेला, दारात चिमणीची छोटी गाडी. वहिनींनी दार उघडलं ते हसतच. आत ये, गंमत बघ, म्हणाल्या.

पान्या खिडकीजवळ बसला होता. खांद्यावर ओढणी नव्हती. चिमणी त्याच्या छातीवर पालथी झोपली होती, एक गाल चेपून, तोंड उघडं. त्याचा एक हात तिच्या पाठीवर. तो माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, आवाज न करता. इतकं खूश मी त्याला यान उडालं तेव्हाही बघितलं नव्हतं.

वहिनी सांगत होत्या की आदल्या दिवसापासून अशी चिकटलीय. आता माझ्याकडे यायलाच तयार नाही, घेतली की बापाकडे हात. बघा, राबायचं आईने आणि लाड बापाचे. त्यांनी खोटं खोटं तोंड वाकडं केलं. डोळे ओले होते, पण आनंदाने.

मग त्यांनी तिला उचलून माझ्याकडे दिली. तिने माझ्या बाहीवर दुधाची गुळणी टाकली आणि सगळे हसलो. वहिनी ओल्या फडक्याने पुसायला आल्या. पुसता पुसता त्यांनी चिमणीच्या टाळूला नाक लावलं, जसं सगळ्या आया लावतात. आणि जराशा थांबल्या.

म्हणाल्या, मला सर्दी होणार बहुतेक. दोन दिवस हिचा वासच येत नाहीये.

पान्या माझ्याकडे बघत नव्हता.

मी बाही पुसू दिली नाही. असू दे म्हणालो.

आज सकाळी नवा डेटा आला. खोलीत मी एकटा होतो, मॅडम बैठकीला गेल्या होत्या. उन्हं टेबलावर आली होती. मी वजाबाकी बंद ठेवूनच आलेख उघडला.

पान्या होता. स्वच्छ, मोठा, पुदिन्यासकट. बुटांसकट, म्हणजे पायांच्या घामाचं टोकसुद्धा होतं.

त्याच्या शेजारी आणखी एक होतं.

छोटं. आमच्यापैकी कुणाशीच जुळेना. झाडणाऱ्या मामांशी नाही, नोकरी सोडून गेलेल्यांशी नाही. प्रोग्रॅमने त्याला नाव दिलं नाही, कारण हा ठसा आम्ही कधी घेतलाच नव्हता. मी एकेक टोक हाताने तपासलं. त्यात आंबट झालेलं दूध होतं.

कालचा शर्ट मी बॅगेत घालून आणला होता. का आणला होता ते मला तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. माहीत होतं.

बाहीवर डाग होता. पिवळट, कडेला कडक झालेला. मी तेवढा तुकडा कापला आणि जुळ्या नाकात ठेवला.

कपड्याचा साबण होता. माझा घाम होता. माझ्या घरचा वास होता.

दूध नव्हतं. डाग दिसत होता आणि दूध नव्हतं.

मी तुकडा बाहेर काढून नाकाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

मग फोन वाजला. पान्या. पलीकडे खोली शांत होती. मी हॅलो म्हटलं, आणि तो बोलायला जरा वेळ गेला.

“आला का डेटा?”

मी म्हटलं, आला.

पुन्हा वेळ गेला. मला वाटलं फोन कटला. हल्ली तो असाच बोलतो, दोन वाक्यांमध्ये इतकं थांबतो की मी पुन्हा हॅलो म्हणायला लागतो, आणि मग त्याचं आधीचंच उत्तर येतं.

“काही नवीन?”

मी म्हटलं, नाही रे. नेहमीचंच. मी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. आलेख अजून मी एकट्यानेच बघितला होता.

या वेळी तो फारच थांबला. मी पडद्याकडे बघत होतो. मोठी रेघ आणि तिला चिकटून छोटी.

“झोपलीय आता,” तो म्हणाला. “माझ्याकडेच आहे. ऐक ना. आमचं काय व्हायचं ते होऊ दे. पण आम्हा दोघांना वजा करू नकोस.”

दोघांना.

मॅडम परत आल्यात, शेजारच्या खोलीत त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फाईल मागतील. त्या फाईलमध्ये काही वजा केलेलं नाही. पुढे माझं काय व्हायचं ते होईल. हे सगळं टायपेपर्यंत फोन टेबलावर चालूच ठेवलाय, कारण त्याचं बोलून झाल्यावर मी त्याला सांगितलं की नाही करणार, पान्या. तुला शब्द देतो. एकालाही नाही. आणि त्याचं “बरं” अजून पोचायचं आहे.